गिरगोट्या

बाई, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. तुमच्या तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो, तुमच्या मुलांच्या बरोबरीने कमरेला टॉवेल खोचून. आल्या-गेल्याला "हा आईचा लाडका विद्यार्थी" अशी माझी ओळख करून दिली जात होती, आणि ते मला फार आवडत होतं. तुमचा राग यावा असं तेव्हा काही सुचलंच नव्हतं. राग आला तो आत्ता, पन्नाशी उलटून गेल्यावर. भांडायला तुम्ही नाही आणि गप्प बसवत नाही, म्हणून लिहितो आहे. अलिबागच्या कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहितो. सातबारा, वारस नोंद, शेजाऱ्याने कुंपण सरकवलं, पाण्याची लाईन येत नाही, असलं सगळं. रोज दहा-बारा माणसांची गाऱ्हाणी नीट मराठीत मांडून देतो. हे माझं स्वतःचं, आणि याला कुठल्याच टेबलावर आवक नंबर पडणार नाही.

तुम्ही मला चौथीत पहिल्यांदा पाहिलंत. किहीमला मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला होता, तिथे आमा स्वयंपाकाला होती. आम्ही तिबेटी, आईला आमा म्हणतो. तिबेटात, तिच्या गावात चिनी सैन्य आलं तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. आईवडील आणि पाठीवर बांधलेली धाकटी बहीण, अशी सगळी बर्फातून चालत इकडे आली. पुढे आमाने हिमाचलात रस्त्यांवर दगड फोडले, तिथेच तिचं लग्न झालं आणि तिथेच माझा बाप दरडीखाली गेला. मग स्वेटर विकणाऱ्या बायकांबरोबर मुंबईला येता येता ती आमच्या या किनाऱ्यावर पोचली, ती कायमचीच. यातलं तुम्हाला काही माहीत नव्हतं, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. पोरं मला "ए चिनी, तुमच्यात झुरळं खातात काय रं?" म्हणून चिडवायची. एकदा ते तुमच्या कानावर पडलं, तेव्हा टेबलावर पट्टी आपटून तुम्ही म्हणालात, "गप्प बसा रे मेल्यांनो! चिनी कुठला, नेपाळी आहे तो." ज्यांच्यामुळे आमाचं घर गेलं त्यांचं नाव मला चिकटवलेलं होतं, ते खरवडून तुम्ही तिसऱ्याच देशाचं लावलंत आणि वर्ग शांत झाला. मला इतकं हायसं वाटलं, बाई! सातवीपर्यंत मी नेपाळी होतो.

नावाचंही तसंच. हजेरी घेताना माझं नाव तुमच्या जिभेवर अडखळायचं. एका सोमवारी तुम्ही हसत हसत म्हणालात, "याचं आपण सोपं करून टाकू या," आणि मराठी नाव दिलंत. चांगलं नाव होतं, देवाचं. दाखल्यावर तेच चढलं, कचेरीबाहेरच्या माझ्या पाटीवर आजही तेच आहे. कुणाला वाढदिवसाला पेन मिळतं, कुणाला पुस्तक. मला तुमच्याकडून नाव मिळालं, आणि मी ते आमाला दाखवायला धावत गेलो होतो. तिने ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. तिला ते नीट जमलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मला घरी न्यायचात. तुमचं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. मागच्या दाराशी तुम्ही खवणीवर बसला आहात, परातीत पांढरं खोबरं पडतं आहे, चुलीवर बिडाचा तवा तापला आहे, आणि मी समोर मांडी घालून घावनांची वाट बघतो आहे. तुम्ही म्हणता, "नारळ म्हण." मी म्हणतो, "नारल." "नारल नव्हे रे, जीभ मागे वळव. नारळ. केळं. पोळी. बाळ." आमच्या भाषेत ळ नाही. तो अक्षरशः तुमच्या घावनांबरोबर माझ्या पोटात गेला. ज्या शनिवारी पहिल्यांदा स्वच्छ "नारळ" म्हणालो, त्या दिवशी तुम्ही खोबऱ्याच्या हाताने माझा गालगुच्चा घेतलात आणि म्हणालात, "आता हो तू आमचा झालास!" तुम्ही दुष्ट असतात तर किती बरं झालं असतं. तुमच्याविरुद्ध तक्रार लिहायला बसलो तर पहिल्या ओळीलाच घावनं आठवतात, आणि त्याचाही मला संताप येतो.

पण त्या वहीचं मी सोडणार नाही. पाचवीत होतो. आमाने माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आमची तीस अक्षरं काढून दिली होती. रोज संध्याकाळी खालच्या जागेत ती गिरवायची, असं ठरलं होतं. बंगल्यातली भांडी आवरून, ओले हात पदराला पुसून ती शेजारी बसायची. तिबेटी पेहराव तिने कधीच सोडला होता, ती साडीच नेसायची. एके दिवशी वह्या तपासताना तुम्ही शेवटचं पान उघडलंत. "हे काय रे? वहीची पानं काय झाडाला लागतात? ह्या कसल्या गिरगोट्या काढून ठेवल्यायस?" आणि लाल पेन्सिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारलीत. वर्ग हसला. आमची अक्षरंसुद्धा क, ख, ग, ङ अशीच सुरू होतात, बाई. मला एकदा म्हणून दाखव म्हणाला असतात, तर तुमच्या कानांना ती लगेच ओळखीची वाटली असती. तुम्ही वही माझ्यापुढे धरलीत, आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "हो बाई. गिरगोट्याच आहेत."

घरी येऊन मी आमाला सांगितलं की बाई म्हणाल्या, शाळेच्या वहीत असलं चालत नाही. खरं तर मला संध्याकाळी पुळणीवर क्रिकेट खेळायला जायचं होतं. तिला शिक्षक म्हणजे देव. तिच्या त्या बाजारच्या मराठीत ती म्हणाली, "बाई बोलते तसा कर." एवढंच. फुली मारलेलं पान तिने फाडून, घडी घालून कुठेतरी ठेवलं. पुन्हा तिने कधी मला अक्षर दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही. घरात आम्ही मोडकं हिंदी-मराठी बोलत राहिलो. मी निबंधात पहिला येत गेलो.

तुम्ही घोटवलेलं ते अक्षर, ती मराठी मला कुठे उपयोगी पडली ते ऐका. काही वर्षांपूर्वी चीनचे कुणी मोठे पाहुणे आपल्या देशात आले होते. अशा वेळी निदर्शनं नकोत म्हणून तिबेट्यांना आधीच ठाण्यात बसवून ठेवतात. आदल्या दिवशी दोन पोलीस शिपाई माझ्या टेबलापाशी आले. त्यातल्या एकाचे सगळे अर्ज मीच लिहून दिलेले. तो लाजत म्हणाला, "भाऊ, तुमी काय करनार न्हाय त्ये आमाला म्हाईत हाय. पन वरनं सांगून आलंय, दोन दिस बसावं लागंल." मी काहीही ठरवलेलं नव्हतं. झेंडा नव्हता, मोर्चा नव्हता, जिल्ह्यात माझ्यासारखा दुसरा माणूस शोधून सापडला नसता. तरी दोन दिवस बाकड्यावर बसलो. चहा मिळाला, वडापाव मिळाला. नंतर साहेबांनी कोरा कागद पुढे केला आणि मी कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही, घोषणा देणार नाही, असं हमीपत्र लिहून घेतलं. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "वा! अक्षर काय मोत्यासारखं आहे. कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. मान ताठ करून सांगितलं, बाई, भरल्या ठाण्यात! परत जाताना शरमेने माझे कान जळत होते.

हल्ली तिबेटातल्या बातम्या मोबाइलवर येतात. कुणी घरात जपलेल्या आमच्या धर्मगुरूंच्या फोटोपायी आत गेलेला असतो, कुणी परदेशातल्या भावाला फोन केला म्हणून. लहान मुलांना आईबापांपासून लांब, वसतिगृहाच्या शाळांत ठेवतात आणि सगळं चिनीतून शिकवतात. सुटीत घरी आलेल्या पोरांना आजीशी बोलता येत नाही म्हणे. हे वाचून आमचे लोक इथे, या देशात, उपोषणाला बसतात. मी त्यांच्यात जाऊन बसू कुठल्या तोंडाने? माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मला कुणी आईपासून लांब नेलं नव्हतं. मला घावनं मिळत होती.

दोन वर्षांपूर्वी आमाची आठवण जायला लागली. सगळ्यात शेवटी शिकलेली मराठी आधी गेली. कोळणीशी पन्नास वर्षं हुज्जत घालणारी माझी आमा एक दिवस दारात मासळीकडे नुसती बघत राहिली. मग हिंदी गेलं. आता तिच्याजवळ फक्त तिबेटी उरली आहे, आणि ती भरभरून बोलते, मात्र मला चार शब्दांतला एक कळतो. पाणी कळतं, ऊन कळतं. त्यातच कर्नाटकातल्या आमच्या तिबेटी वसाहतीतून मावसबहिणीचा फोन आला. तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी गोळा करतात, सैन्याने धरून नेलेल्यांची यादी करतात. आमाच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, तेव्हाच नेलं होतं. त्याचं नाव यादीत नाही, कारण काय घडलं ते पाहिलेलं एकच माणूस जिवंत आहे. "भैया, मौसी से पूछ लो," बहीण म्हणाली. "अभी नहीं पूछा तो मामा था ही नहीं, ऐसा हो जाएगा."

मी तिच्याकडून चार प्रश्न तिबेटीत मागून घेतले आणि देवनागरीत उतरवून काढले. सकाळी आमा उन्हात खाटेवर बसली असताना मोबाइल तिच्यासमोर ठेवला आणि कागदात बघून विचारलं. भाऊ कुठे आहे? त्याला कोणी नेलं? ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग बोलायला लागली, हळू, अगदी जपून, तीच वाक्यं पुन्हापुन्हा. मी हरखून गेलो. अकरा मिनिटांचं बोलणं झालं! काम झालं म्हणून मी ते लगेच बहिणीला पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी आमाला भात भरवत होतो. बहीण म्हणाली, "भैया, वो तुमको अफसर समझ रही है." मी म्हटलं, म्हणजे? "बोल रही है, साहब, मेरा कोई भाई नहीं है. घर में कोई नहीं है. बस एक बेटा है, वो स्कूल गया है. उसको कुछ मालूम नहीं. उसको छोड़ दो." अकराच्या अकरा मिनिटं एवढंच आहे, बाई. परक्या आवाजात, कागदात बघून, तिच्या भावाचा पत्ता विचारणारा माणूस तिने बरोबर ओळखला होता. तिने मामाला माझ्यापासून वाचवलं आणि मलाही माझ्यापासून वाचवलं.

हे पत्र मी पाठवणार नाही, आणि पाठवायला पत्ताही नाही. साक्ष झाली नाही, मामाचं नाव यादीत लागलं नाही आणि आता लागणारही नाही. राग तुमच्यावर काढायचा म्हणून बसलो होतो, तो पुरता निघालाही नाही. एक मात्र कबूल करतो, हे बहिणीलाही सांगितलेलं नाही. फोन ठेवून मी आमाचे दोन्ही हात धरले. तो शाळेत गेलेला मुलगा मीच, एवढं तिला सांगायचं होतं. त्यासाठी आमा ही एकच हाक पुरली असती, आणि ती मला येते. पण तोंडातून निघालं ते "आई गं." तिने माझ्या हातातून हात काढून घेतले आणि ती भिंतीकडे सरकून बसली.