उरलेल्या गोळ्या

दादा,

सकाळी फोनवर म्हणालास, "आता बरं आहे ना? मग झालं तर!" नाही झालं, दादा.

तुझ्या मुलीच्या घशासाठी आणलेल्या गोळ्या उरल्या, त्या तू बाबांना पायाच्या जखमेसाठी दिल्यास. अरे, पोरीच्या घशातला जंतू वेगळा, मधुमेही म्हाताऱ्याच्या चिघळलेल्या पायातला वेगळा! आठ दिवसांनी त्या जखमेचा पू तपासायला माझ्याच लॅबमध्ये आला. जंतू वाढवायच्या प्लेटवर हिरवट थर चढला होता. तुझ्या गोळ्यांना त्या जंतूने भीक घातली नव्हती. तोवर अंगठा काळा पडला होता. काल तो कापला.

"मी तुला विचारलं होतं," असं म्हणशील. विचारलं होतंस. मी तेव्हा परक्यांचे रिपोर्ट लिहीत होते आणि नीट न ऐकताच "दे, चालेल" म्हणाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

बाबा वॉर्डभर सांगत सुटलेत, "थोरल्याच्या गोळ्यांनी पाय वाचला, नुसता अंगठाच गेला." आज नर्सने माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का हो?"

मी "हो" म्हणाले.

तुझी,
धाकटी