दारावरच्या कागदासाठी फोटो

४ सप्टेंबर
नवीन वही. यात फक्त फोटोग्राफीबद्दल लिहायचं, बाकी रडगाणी नाहीत.

बस स्टॉपजवळच्या लिंडनच्या झाडावर आज गेर्गानाबाईंच्या मृत्यूचा कागद लागला, गावात कुणी गेलं की दारांवर नि झाडांवर लागतो तसा. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, कापून काढलेला. कापताना खांद्यावरचा एक पुरुषी हात तसाच राहून गेलाय. आईने पिशवी खाली ठेवली, कागद नीट वाचला आणि म्हणाली, "हा हात काही हिच्या नवऱ्याचा नाही. तो कधी हिला हात लावायचा नाही." घरी येताना जिन्यात दम खायला थांबली तेव्हा म्हणाली की, आपण गेल्यावर लागणाऱ्या कागदावर आपला एकटीचा फोटो हवा. केस सेट केलेले, निळं जाकीट. आणि तो आत्ताच काढून ठेवायचा, चेहऱ्याला गाल आहेत तोवर.

मी म्हटलं, त्याला अजून खूप वेळ आहे. पण गोष्ट मनात बसली. फोनवर असली कामं उरकायची नाहीत. चांगला कॅमेरा घ्यायचा.

५ सप्टेंबर
ठरलं. महिनाअखेर कॅमेरा घरात. आधी आईचा फोटो, मग डॅन्यूबवरचे बगळे, वसंतात ग्रंथालयात एखादं छोटं प्रदर्शन. फार्मसीच्या काउंटरमागे इतकी वर्षं उभं राहून माणसांचे चेहरे वाचायची नजर मला आलेलीच आहे. फक्त यंत्र बाकी.

११ सप्टेंबर
फोटोग्राफीच्या ऑनलाइन फोरमवर एक गृहस्थ आहेत, नावाच्या जागी घुबडाचं चित्र. त्यांनी लिहिलंय, मेगापिक्सेल बघून कॅमेरा घेणारा मूर्ख. सेन्सर बघायचा. मी कालपर्यंत मेगापिक्सेलच बघत होते. थोडक्यात वाचले.

१७ सप्टेंबर
सगळ्या इमारतीला भाजलेल्या मिरच्यांचा वास. शेजारच्या झ्लाता मावशींच्या बाल्कनीत आई मिरच्या सोलायला बसली होती. दरवर्षी उभ्याने करायची. यंदा खुर्ची लागली. खुर्ची जास्त आरामाची, म्हणून असेल.

मावशींनी विचारलं, कॅमेरा कुठवर आला. मी सेन्सरबद्दल थोडं समजावलं. त्या म्हणाल्या, माझ्या फोनमध्ये आहे की तो, नातवाने दाखवलाय. मी वाद घातला नाही.

२९ सप्टेंबर
महिनाअखेर आली. घाई करायची नाही असं ठरवलंय.

३ ऑक्टोबर
आईच्या अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या दुप्पट झाल्या. मीच काउंटरवरून दिल्या. डोस वाढवला म्हणजे डॉक्टर लक्ष देतायत. चांगली गोष्ट.

स्पिरोच्या दुकानावरून आले. तो पासपोर्टचे फोटो काढतो, कॉफीच्या मगांवर चित्रं छापतो आणि गावातले मृत्यूचे कागदही तोच छापतो. म्हणाला, आण आईला, पाच मिनिटांत काढतो. पाच मिनिटांत? शिवाय त्याच्याकडे मागे एकच आकाशी पडदा आहे. आमच्या गावातली सगळी मेलेली माणसं त्याच पडद्यासमोर बसलेली दिसतात. आईला मी त्या रांगेत बसवणार नाही.

१४ ऑक्टोबर
आतला आरसा असलेला कॅमेरा की बिनआरशाचा? घुबडवाल्यांचं मत बिनआरशाचा. दुसरे एक आहेत, ते म्हणतात, बिनआरशाच्यात आत्मा नाही. रविवार यात गेला. आई सोफ्यावर पडून ऐकत होती. मी दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "अगं, एवढी पारख नवऱ्याच्या बाबतीत केली असतीस, तर आज जावई माझा फोटो काढत असता."

हसण्यावारी नेलं. नंतर मात्र आई म्हणाली, "नेवेना, मला कसलाही चालेल गं." हीच तर अडचण आहे. तिला कसलाही चालतो. मला नाही चालत.

२७ ऑक्टोबर
मागवला. सोफियाहून. बिनआरशाचा. नुसती बॉडी घेतली. घुबडवाले म्हणतात की, जोडीला मिळणारी लेन्स बावळटांसाठी असते.

३१ ऑक्टोबर
आला. वजनदार, सुरेख. समोर भोक.

लेन्स वेगळी मागवावी लागते हे मला माहीत होतंच. ती लगेच मागवायची नसते असं मात्र कुणी सांगितलं, ते आता आठवत नाही. झ्लाता मावशी बघायला आल्या. हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "याचा डोळा कुठाय?" आई इतकी हसली की खोकला लागला. खोकला बराच वेळ थांबेना.

६ नोव्हेंबर
लेन्स आली. मांजरीचे फोटो. मांजर हलली. जिरेनियमचे फोटो. तोही हलल्यासारखा दिसतो. यंत्रातच काही दोष असावा. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं. त्याआधी जुन्या लॅपटॉपमध्ये घालून बघायला म्हणून कार्ड बाहेर काढलं. खोक्यात कार्ड येत नाही, हे मला फार्मसीतल्या मुलीने उधार दिलंय. तिला उद्या परत द्यायचंय.

८ नोव्हेंबर
आईने सकाळीच केस सेट करणाऱ्या बाईला घरी बोलावलं होतं. मी उठले तेव्हा आई निळं जाकीट घालून स्वयंपाकघरात बसलेली, हात मांडीवर, परीक्षेला आलेल्या मुलीसारखी. बाहेर दाट धुकं, नदीवरून आलेलं. मी म्हटलं, आज उजेड नाही. उजेड चांगला असेल त्या दिवशी काढू. दुपारपर्यंत ती तशीच बसून राहिली, उगाच. मग जाकीट काढून हँगरला लावलं. बटणं एकेक करून लावली हँगरवरच.

९ नोव्हेंबर
घुबडवाल्यांचा निरोप: धुक्यातला उजेड चेहऱ्यासाठी सगळ्यात उत्तम, सावल्या पडत नाहीत.
आज लख्ख ऊन. धुक्याची वाट बघायची.

१९ नोव्हेंबर
धुकं! आईचे केस थोडे बसले होते, मावशींनी पाण्याचा हात फिरवून उभे केले. जिना उतरायला वेळ लागला. इमारतीसमोरच्या बाकावर बसवली. मी सेटिंग केलं, परत केलं. जुने फोटोवाले मुलांना कॅमेऱ्याकडे बघायला लावताना म्हणायचे तसं आई म्हणाली, "पाखरू केव्हा उडणार?" मी म्हटलं, हलू नकोस. ती म्हणाली, "हलायची ताकद असती तर पळून गेले असते." मावशी हसल्या, आईही हसली. एरवी कवळी दिसेल म्हणून ओठ मिटून बसते. मावशींनी मध्येच फोन काढून काहीतरी टिपलं, मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

मग मी भरपूर काढले. फार, फार सुंदर. प्रत्येक फोटो काढल्यावर क्षणभर पडद्यावर दिसत होता. कोपऱ्यात लाल अक्षरांत काहीतरी लुकलुकत होतं, ती फोकस लागल्याची खूण. हात थरथरला नाही. मला वाटतं, मी जन्मतःच फोटोग्राफर आहे.

संध्याकाळी
लाल अक्षरं वेगळ्याच गोष्टीची होती. आत कार्ड नव्हतं.

२० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. काल ती रंगीत तालीम होती. खरा फोटो नेहमी तालमीनंतरच चांगला येतो. आईला सांगितलं की कालचे ठीकच आलेत, अजून चांगले काढू. ती म्हणाली, बघू तरी. मी म्हटलं, तयार झाले की दाखवते.

कार्ड मागवलं. साधं नाही, वेगवान.

२६ नोव्हेंबर
कार्ड आलं. धुकंही होतं. पण आईचे हातपाय सुजलेत, जाकिटाचं बटण लागेना. म्हणाली, आज नको, आज चेहरा माझा नाही. मग तिच्या उशीवर उजेडाची चाचणी घेतली. उशी अप्रतिम आली. धागा न् धागा दिसतो. सूज उतरली की लगेच.

१ डिसेंबर
आई हॉस्पिटलात. कॅमेरा नेला नाही. तिथे मागे नळ्या, पडदे, स्टँड, फार पसारा. आठवड्याभरात सोडतील तेव्हा घरीच काढू. ती झोपेत होती. जागी झाली तेव्हा विचारलं, दाखवतेस ना. मी म्हटलं, घरी चल, मोठ्या पडद्यावर दाखवते. म्हणाली, "छान आलेय ना मी?"
हो म्हटलं. आलीच होती छान. मी पाहिली होती.

४ डिसेंबर
आई गेली. सकाळी.

४ डिसेंबर, दुपार
स्पिरोला कागदासाठी फोटो हवा. कार्डावर आहेत: परत काढलेली मांजर, जिरेनियम, पडदा, नदी, बगळा असावा असा एक पांढरा डाग, उशी. स्पिरो म्हणाला, ओळखपत्रावरचा मोठा करतो. ओळखपत्रावर ती चिडलेल्या तिकीट तपासनिसासारखी दिसते.

मावशी दारात उभ्या होत्या. फोन पुढे केला.

बाकावरची आई. निळं जाकीट, केस उभे, तोंड उघडून हसतेय, कवळीसकट. फोनकडे बघत नाही, जरा उजवीकडे बघतेय. उजवीकडे मी आहे. खाली मान घालून बटणं शोधतेय. तिने मला किती वेळ असं बघितलं असेल, मला माहीत नाही. मी वर बघितलंच नव्हतं.

फोटो तांत्रिकदृष्ट्या सामान्य आहे. मागची इमारत तिरकी.

स्पिरोने मला कापलं. पण पूर्ण कापायचं तर आईचा खांदा जातो. म्हणून कडेला माझ्या हिरव्या कोटाची बाही राहिली, आणि कॅमेऱ्याचा पट्टा. त्याने विचारलं, चालेल? आईला एकटीचा हवा होता. मी म्हटलं, चालेल.

५ डिसेंबर
कागद लावले. इमारतीच्या दारावर, फार्मसीच्या काचेवर, लिंडनवर. गेर्गानाबाईंचा कागद अजून आहे तिथे, पावसाने शाई उतरलेला. तो हात मात्र स्पष्ट दिसतो.

२३ डिसेंबर
फोरमवर लिहिलं की माणसांचे फोटो मी सध्या थांबवलेत, निसर्गाकडे वळतेय. घुबडवाल्यांनी लांब पल्ल्याची लेन्स सुचवली. बगळ्यांसाठी तिच्याशिवाय अर्थ नाही म्हणे. बघतेय.

१२ जानेवारी
आईचा चाळिसावा दिवस. तिच्या कबरीवरून येऊन रीतीप्रमाणे दारोदार उकडलेला गहू वाटला. चाळिसाव्याचे नवीन कागद लावायचे होते. फोटो तोच.

लिंडनपाशी फार्मसीत नेहमी औषधं घ्यायला येणारी एक बाई भेटली. टोपी काढून वाचलं, मग मला म्हणाली, किती जिवंत आलीय गं, आत्ता बोलेल असं वाटतं. तुझ्या नव्या कॅमेऱ्यातला ना?

झ्लाता मावशी शेजारीच होत्या, गव्हाची वाटी हातात.

मी म्हटलं, हो.

कागदाची एक पिन सैल झाली होती, ती मावशींनी अंगठ्याने परत आत दाबली.

खोटं असं नाही. कॅमेरा त्या फोटोत आहेच. पट्टा दिसतो.