राखून ठेवलेला धवळा

११ जानेवारी १९९८, मुरबाड

धसईची दारूबंदीची सभा. घसा पार बसला. बायका मात्र शेवटपर्यंत उभ्या. परत येताना टेम्पोत दामू कधी नव्हे तो गप्प. माझं प्रत्येक भाषण ह्या माणसाच्या कर्ण्यातून गेलंय. तो गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय. नाक्यावर उतरताना बोलला.

"ताई, माझं दुकान आता हिरोईन चालवणार."

"कोण हिरोईन?"

"मुंबयची. तबकड्यांच्या दुकानात पिरेम, असा पिक्चर हाय. तसलं दुकान कुठं सापडना, म्हणून गावोगाव हिंडत होते. माझ्या मागच्या खोलीतल्या पेट्या उघडल्या नि दिग्दर्शक खालीच बसला बघा."

लग्नात स्पीकरवर लावायला दामूने आयुष्यभर तबकड्या जमवल्या. कॅसेट आल्या आणि त्या पेटीत गेल्या. आता त्यांच्यावर पिक्चर. आणि तोही प्रेमाचा! तालुक्यात विहिरी आटतात, आश्रमशाळेत मास्तर नाही, आणि ह्यांना…

उद्या-परवा जाऊन सुनावलं पाहिजे.

१४ जाने.

तिळगुळाच्या निमित्ताने भांडायला गेले. दिवेलागणीपर्यंत तिथेच. भांडण राहून गेलं.

दामूचं दुकान अरुंद बोळ आहे. मागच्या भिंतीला आरसे लावलेत, त्यामुळे आत भलीमोठी पेढी असल्यासारखं दिसतं. कॅमेरावाला आरशात दिसू नये म्हणून डोक्यापासून काळी चादर पांघरतो. वरच्या फळ्यांवर दामूच्या खऱ्या तबकड्या, खालच्या फळ्यांवर नुसता काळा रंग दिलेला पुठ्ठा. वेष्टनं रंगवली आमच्या घोषणा रंगवणाऱ्या पेंटरने. 'बाटली आडवी करा' लिहिणारा हात आणि तोच हात गुलाब काढतोय. बरे काढलेत.

गोष्ट अशी. मुलगा रोज तीच तबकडी परत आणतो. म्हणतो, एका जागी अडकते. दुकानवाली मुलगी रोज लावून बघते, अडकत नाही. एक दिवस खरंच अडकते. तेव्हा तिला कळतं की रोज वाजवून वाजवून आपणच ती झिजवली.

हे मला आवडलं. कुणाला सांगणार नाही.

अडकण्यासाठी युक्ती दामूची. नेमक्या रेघेवर डिंकाचा बारीकसा थेंब. सुई तिथे आली की उडी मारून मागे. दिग्दर्शक निशिकांत त्याच्या पाया पडायला निघाला होता.

१७ जाने.

पिक्चरचा आवाज टिपणारा, आवाजवाला, मुरबाडवर फिदा. "बाई, इथे रेल्वे नाही, किती पुण्याई तुमची! काय शांतता आहे!"

ह्या रेल्वेसाठी मी किती व्यासपीठं झिजवली! दामू मागे तोंड दाबून हसत होता. "ताई, पिक्चर होईस्तोवर तरी मागू नका."

पण मग मीही सोडलं नाही. निशिकांतला दुकानात उभं करून विचारलं, ह्या एवढ्या तबकड्या. देशभरचे गळे आहेत ह्यांत. ह्या तालुक्यातला एक तरी आहे? आमच्याकडे लग्न धवळारीण लावते. बाई! मंत्र नाहीत, तिचे धवळे, म्हणजे लग्नाची गाणी. ती गाते आणि लग्न लागतं. बाईने लग्न लावावं म्हणून शहरात परिसंवाद भरतात, आणि इथे ते पूर्वापार चालू आहे. तो गळा कुठल्या तबकडीवर आहे, दाखव.

सभेचा आवाज लागला होता. लाइटवाले थांबून ऐकत होते. निशिकांत म्हणाला, शेवटी दोघांचं लग्न ह्याच दुकानात आहे. सनई लावणार होतो. काढली. तुमची धवळारीण आणा.

बाकी गाणी-संगीत मुंबईला नंतर भरणार, धवळा मात्र इथेच, जागेवर टिपायचा. हा माणूस ऐकतो. असे पुढारी का नसतात?

आता धसईची धवळारीण हिराबाई. तिचा धवळा टेपवर आला की मी…

१९ जाने. धसई

हिराबाई बाजारात सापडली, सुकटवालीशी हुज्जत घालत. आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं हिने लावलीत. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मी हिला पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मला भाषण करायची इच्छा झाली नव्हती, एवढंच लिहिते.

"लगीन कुणाचं?"

"पिक्चरमधलं."

"म्हंजे खोटं. मंग नाय."

"नुसतं गाणं म्हणायचंय, हिराबाई."

"नुसतं गानं नाय गो बाय ते. धवळा गायला का लगीन लागलं. उद्या ती पोरगी दुसऱ्याच्या घरात गेली, तर पाप कुणाच्या बोडक्यावर? तुझ्या का माझ्या?"

मी बोलले. लोकसंस्कृती, नोंद, पुढच्या पिढ्या, सगळं. ती सुकट निवडत राहिली. मग:

"तुला कोनी सांगितलं, शिणुमासाठी दारूवाल्याच्या बाजूनं भाषान कर, तर करशील?"

सुकटवाली मोठ्याने हसली. मी एसटी पकडली.

२३ जाने.

आज हिराबाई स्वतःच मुरबाडला. सूनबाई बरोबर, नऊवारी कडक, डोळ्यांवर चष्मा. "बघाया आलेय. हो नाय म्हटलेलं."

तिला खुर्ची दिली. खुर्ची नको, लाकडी पेटी हवी. पेटीवर बसून शूटिंग बघितलं, जणू मुलगी बघायला आलेल्यांपैकी एक.

नायिका रेवती आणि नायक ओंकार एकमेकांशी बोलत नाहीत, हे एव्हाना चहावाल्यालाही माहीत. तो रोज उशिरा येतो, ती मेकअप करून दिव्यांखाली तापत बसते. आजचा प्रसंग म्हणजे पिक्चरमधला सगळ्यात गोड. तबकडी खरोखर अडकते आणि ती मान वर करून त्याच्याकडे बघते. तो कुठे होता? पलीकडे वडापाव खायला. कॅमेऱ्याशेजारच्या फळीवर खडूने फुली काढली आणि तिला सांगितलं, हा ओंकार.

तिने फुलीकडे बघितलं. आधी राग, मग संशय, मग डोळे हळूहळू भरले. समोर चार वितांची फळी आणि खडू! मी एवढी माणसं समोर बसवून बोलते, तरी कधीकधी शब्द कोरडा पडतो. ह्या पोरीने लाकडावर प्रेम केलं. टाळी वाजवायला हात उचलला, आवाजवाल्याने डोळे वटारले.

हिराबाई मात्र माझ्या कानाशी:

"पोरगी गुणाची हाय. पन लगीन कुणाशी लावू? खडूशी?"

२६ जाने.

शाळेत झेंडावंदन, भाषण. तिथून दुकानात. हिराबाईचा निरोप घेऊन तिची सून आली होती. सासूबाई गायला तयार आहेत. पण शेवटला धवळा राखून ठेवतील.

आंतरपाट काढतात तेव्हा जो म्हणतात, तो शेवटला. तांदूळ त्यावरच पडतात. तो नाही म्हटला तर लग्न लागत नाही, अर्धवट राहतं. म्हणजे पाप नाही.

निशिकांतला स्पष्ट सांगितलं. पिक्चरचा शेवट अर्धवट राहील म्हणून. तो नखं खात बसला. मग म्हणाला, ज्या जागी थांबतील तिथून सनई जोडून घेऊ.

मला वाईट वाटलं. पूर्ण धवळा हवा होता. पहिल्यांदाच ह्या मातीतला गळा टिपला जाणार आणि तोही बिनशेपटाचा. पण तिचा शब्द तिचा. मी कुणाला शब्द मोडायला लावणार नाही, हे मीच स्टेजवरून ओरडत असते.

२९ जाने.

लिहून टाकते.

दुकानात मांडव. वऱ्हाड म्हणून शेणव्याच्या आणि धसईच्या बायका आणल्या होत्या. त्यांना मुठीत पिवळे तांदूळ दिले आणि सांगितलं, शेवटी टाकायचे. शेवट म्हणजे कुठला, ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. ओंकार आज वेळेवर. कळलं असं की दामूने सकाळी त्याला मुक्कामावरून उचलून आणलं, "नवरदेव उशिरा आलेला चालत नाय आमच्यात," म्हणून.

हिराबाईने सुरू केलं. काय सांगू. बारीक आवाज, चढ नाही, घाई नाही. दुकानातल्या तबकड्या ऐकत बसल्यात असं वाटलं. आवाजवाल्याने डोळे मिटलेले. धवळ्यामागून धवळा. दोघांच्या मध्ये आंतरपाट. रेवती खाली बघत होती, ओंकारही.

आंतरपाट निघाला. हिराबाई थांबली.

आणि बायका थांबल्या नाहीत! कसं थांबणार? ह्या जागेला पुढचा धवळा येतो, हे अंगात मुरलेलं. मागच्या रांगेतून एकीने उचलला, दुसरीने सूर धरला, मुठी वर गेल्या. अजून दोन ओळी आणि ह्या सगळ्यांच्या लेखी ती दोघं नवराबायको!

हिराबाईने हात वर केला. नुसता पंजा. एका क्षणात आवाज बंद. तांदूळ मुठीत. सगळं गाव पुतळ्यासारखं.

रेवतीने दचकून मान वर केली. समोर फुली नव्हती, ओंकार होता. तोही भांबावलेला. दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू आत्ताच भेटले. मग तिला हसू फुटलं, मग त्याला.

निशिकांतने कट म्हटलंच नाही. रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालला.

"सनई?" मी नंतर विचारलं.

"कसली सनई, ताई!"

२० मार्च १९९९, कल्याण

पिक्चर बघितला. मी, दामू, हिराबाई, तिची सून. दामू प्रत्येक तबकडी ओळखून मोठ्याने नाव सांगत होता, पुढच्या रांगेतल्यांनी झापलं. आरशांतलं दुकान खरंच अवाढव्य दिसतं. फुलीच्या प्रसंगाला बाजूची बाई रडत होती. मला ती फळी आठवत होती, तरी माझेही डोळे.

आणि शेवट. पंजा वर. शांतता. थिएटरात कुणी शेंग सोलेना. मग दोघांचं हसू आणि पडदा काळा.

एका पेपरात आलंय, तो उगारलेला हात म्हणजे परंपरेचा प्रेमाला नकार. वाचून दाखवलं. हिराबाई म्हणाली, "नकार कसला? थांब म्हटलं मी. नकार नि थांब एक असतंय व्हय?"

एसटीत तिने तिकीट कनवटीला खोचलं. मग:

"आवाज माझाच वाटला."

"तुमचाच होता."

"अर्धाच हाय पन."

"मग उरलेला द्या की. टेप आणते मी."

"लगीन आन."

८ जुलै २००१

दामूने दर्शनी भागात सीडी मांडल्यात. आरसे काढले नाहीत. तबकड्या वरच्या फळीवर तशाच, त्याला घरचे बोलतात. "पिक्चरमधल्या हायत त्या," म्हणतो, मामला मिटतो.

हिराबाईला दम लागतो. ह्या वर्षी लग्नं कमी घेतली. सुनेला शिकवतेय म्हणे. पण शेवटला म्हणायचा मान अजून दिलेला नाही. मी टेपरेकॉर्डर घेऊन दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा आणि तांदळाची भाकरी. धवळा नाही.

रागावता येत नाही. मलाच माझी स्टेजवरची वाक्यं ऐकू येतात.

१९ जानेवारी २००३

सकाळी फोन. रेवती! "ताई, ओळखलंत?" ती आणि ओंकार लग्न करतायत. त्या वेळी मुंबईला परतताना गाडीत पहिल्यांदा नीट बोलले म्हणे, त्या हसण्यावरूनच. मग भांडले. मग पाच पिक्चर वेगवेगळे केले. मग हे. आणि तिला उरलेला धवळा हवाय. दामूच्याच दुकानात.

मी नाचायची बाकी होते. मग तिने जोडलं, निशिकांत येणार आहे, आवाजवालासुद्धा, टिपून घ्यायला.

दुपारी धसईला. हिराबाई ओट्यावर, अंगावर गोधडी. आवाज आता हाताच्या ओंजळीएवढा उरलाय. सगळं सांगितलं. पूर्ण धवळा टेपवर येणार! सांगताना माझाच आवाज चढला, सून बाहेर आली.

"खरं लगीन का शिणुमा?"

"खरं, हिराबाई."

"मंग मशीन कशाला येतंय?"

ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. रेवतीच्या आवाजात खोट वाटली नाही. पण ही तीच मुलगी, जी फळीकडे बघून रडली.

हिराबाईने सुनेला हाक मारली. पाणी प्यायली. घसा खाकरून एक सूर लावून बघितला, मनाशीच. लागला. सून माझ्याकडे बघायला लागली.

"आन त्यांना," हिराबाई म्हणाली. "आनि दामूला सांग, भिंतीवर खडूची फुली काढून ठेव. मी गायला बसेन. पोरगी फुलीकडं बघते का नवऱ्याकडं, ते बघीन. मंग ठरवू, पुढचा म्हणायचा का नाय."