दहावी पायरी

१ नोव्हेंबर, रविवार
लंबूचा फोन. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पडक्या किल्ल्यावर जाऊ म्हणतो. सोबत नर्स आणि मास्तर, म्हणजे शाळेपासूनची आम्ही चौघं. मागच्या वर्षी तिथल्या बुरुजाच्या जिन्याची दहावी पायरी निखळली आणि लंबू तिच्यासकट खाली आला. कंबर आणि मांडी. आता काठी आहे.

जिना मी तपासला होता. जुनी दगडी बांधकामं तपासणं हाच माझा पेशा. दगडावर हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर दर्शनी बाजूवर पिवळ्या तेलखडूने बरोबरची खूण, बद्द वाजला तर खूण नाही. पायऱ्या तेरा, खुणा तेरा. माझ्या मनात शंका नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार
पडलेली पायरी शोधायची, तिच्यावरच्या खुणेचा फोटो काढायचा, विषय संपला. त्या अपघातावरच्या माझ्या रिपोर्टची चौदा पानं तयार आहेत, निष्कर्ष तेवढा बाकी. लंबूला वर्षभरात भेटले नाही ते यामुळेच. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार
पहार घेऊ का, असं नर्सला विचारलं. त्याच्या घरी जायला तुला वर्ष पुरलं नाही, पहार मात्र बरी आठवली, म्हणाली. ती आधीपासूनच तिरकस आहे.
आज आठ तास झोपायचं.

८ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७.४०
झोप तीन तास. शेजारचा पाण्याचा पंप चालू होता. पंप महिनाभर बंद आहे असं आई म्हणते. तिला हल्ली कमी ऐकू येतं.
गाडी मास्तर चालवतोय. मी सगळ्यांना खुणांची पद्धत नीट समजावली. दोनदा. नंतर वाद नको. लंबू पुढच्या सीटवर पाय लांब करून बसलाय.

११.१५
जिना पाहिला. एक ते नऊ, खुणा स्पष्ट. दहावीच्या जागी भोक. अकरा ते तेरावर ऊन आहे, नीट दिसत नाही.

१२.०५
दहावी गवतात पालथी सापडली. मी आणि मास्तरने पहार घालून उलटवली. दर्शनी बाजू कोरी.
पावसाने धुतलं असणार. बाकीच्या नऊ पायऱ्यांवरही तोच पाऊस पडला, हे मास्तरने सांगायची गरज नव्हती. नर्स पाठ फिरवून उभी राहिली.

१२.३०
ती दोघं पाणी आणायला गाडीकडे गेली. लंबू दगडावर बसला होता. म्हणाला, "नववीवर तुझा फोन वाजला. तू खाली उतरलीस. मी विचारलं, वर जाऊ का? फोन कानाला तसाच. जा म्हणालीस, सगळं तपासलंय."
हे आधी का नाही सांगितलंस, मी विचारलं.
"कोणाला सांगू? आईला म्हटलं, मस्तीत उडी मारली. अजून बोलते ती मला त्यावरून. म्हटलं तू येशील, मग काय ते बोलू. वर्षभर दाराकडे कान होता गं माझा."
मी पायरीची मापं घेतली. लांबी १.१२ मीटर.

९ नोव्हेंबर, सोमवार
तेरापैकी नऊ. म्हणजे एकोणसत्तर टक्के काम बिनचूक होतं. हे कोणी लक्षात घेत नाही.
रिपोर्ट डिलीट केला. बॅकअप ठेवलाय.
शनिवारी लंबूकडे जायचं. त्याच्या आईसमोर तीनच शब्द बोलायचे: चूक माझी होती. पाठ झालेत.

१४ नोव्हेंबर, शनिवार
त्याच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले, प्रत्येकी अठरा, एकूण चोपन्न पायऱ्या. तो रोज काठी टेकत चढतो. कठडा भक्कम आहे, मी हलवून पाहिला.
वरून त्याच्या आईचा आवाज येत होता. एवढा घोडा झालास आणि उड्या कसल्या मारतोस, असं काहीतरी. लंबू हसत होता.
पहिल्या वळणावर थांबून मी ऑफिसला फोन केला, काही काम आहे का विचारायला.
होतं.