पवळीचा पेंढा

२९ मार्च १९८७, रविवार
आत्या सकाळी ठाण्याला गेली. तिच्या लेकीचं, नीलाताईचं, पहिलं बाळंतपण. पुढचा सव्वा महिना धरला तर जूनशिवाय येत नाही. आजपासून घर, शेत, एक गाय (पवळी) आणि तीन शेळ्या, सगळ्याचा इनचार्ज मी. जाताना मांडवावरच्या पेंढ्याकडे बोट करून बोलली, "कान्ह्या, रोज दोन पेंढ्या. पवली दोन जिवांची हाय. पावसापरत तेवऱ्यात निभल." अजून बोलली, डोकं चालवू नको. हे नीट ऐकू आलं नाही, रिक्षा चालू होती.

३१ मार्च
सुरत झालं, नाशिक झालं, ट्रकवर क्लीनर झालो, दहावी तर दोनदा झाली. आता एका जागी राहून एक काम पुरं करायचं. उद्यापासून पहाटे पाच.
आत्या डावरी आहे, पेंढीला उलटी गाठ मारते. मला सुटत नाही. कोयत्याने कापतो.

२ एप्रिल, सकाळी ९ (पाच वाजता जाग आलेली, पण अंधार होता)
चराईची स्कीम केली. सोमवारी टेकडी, मंगळवारी बांध, बुधवारी कारखान्यांच्या मागचा नाला, परत टेकडी. मधल्या दिवसात गवत वाढणार. पवळी टेकडीवर माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. गवत नाहीच, लोकांच्या गुरांनी मुळंसुद्धा उकरलीत. स्कीमला वेळ द्यावा लागतो.

६ एप्रिल
परशुरामचा पेंढा चोरीला गेला. गावात दुसरा विषय नाही. आपला तर मांडवावर उघडाच. टेन्शन.
मग आयडिया आली. राब! भाताच्या रोपाची जागा भाजायला शेण, पालापाचोळा, मातीचे थर लावून ठेवतात, तो कोण चोरणार? गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.

९ एप्रिल
सगळा पेंढा शेतात नेऊन रचला. वर गोणपाट, त्यावर पाला, त्यावर सुकं शेण, वरून माती. पाठ गेली. लांबून बघितलं तर अस्सल राब. मागून एक भोक ठेवलंय, तिथून रोज दोन पेंढ्या काढायच्या. कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या धाकूमामांनापण नाही, त्यांचं शेत आपल्या बांधाला लागून असलं तरी. सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटी.

१२ एप्रिल
धाकूमामा बांधावर थांबले. "कं रं, तू लावलास? चंद्रभागेपक्षी बेस लावलास." म्हणजे आत्यापेक्षा चांगला! नुसता हसलो.

१९ एप्रिल
मानपाड्याला टेनिस बॉलच्या मॅची. पवळीला नाल्यावर सोडून पाच मिनिटं बघायला थांबलो, त्यांनी मलाच अंपायर केला. सेमी फायनलला एका कारखान्याचा वॉचमन पवळीला ओढत घेऊन आला. तिने साहेबाच्या बागेतली झाडं खाल्लेली. बोलला, "ही गाय कोणाची? आणि तू कोणाचा?" अख्खं ग्राउंड हसलं. त्या दिवशी तिचं पोट मात्र भरलं. स्कीममध्ये बाग घ्यायला पाहिजे.

२५ एप्रिल
दोस्त उत्तमचा निरोप. वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर पाहिजे. लेथ शिकलो तर लाइफ सेट. चार दिवस जाऊन बघतो. लागतील तेवढ्या पेंढ्या, वर चार-पाच जास्तीच्या, गोठ्यात आणून ठेवल्या. धाकूमामांना बोललो, पवळीला तेवढं खायला-पाणी बघा, आणि आमच्या शेताचं काय असेल ते तुमच्याबरोबर उरकून घ्या. बोलले, "जा बिनघोर."

२८ एप्रिल, ठाणे
लेथवर लोखंडाची साल निघते ती सफरचंदासारखी गोल गोल निघते. बघत राहिलो. मालक बोलला, "तू कामाला आलायस की सर्कशीला?" त्याच्याकडे माझं भविष्य नाही.
नीलाताईला मुलगी झाली. आत्याने बाळ मांडीवर घेतलेलं, तरी पहिलं विचारलं, "माजी पवली कशी हाय?" बोललो, तुझ्यापेक्षा जाडी झालीय. खूप हसली. ती एवढी हसलेली मी कधी बघितली नव्हती.

३० एप्रिल
शेतात काळं.
धाकूमामा स्वतः सांगायला आले. "माज्यासोबत तुजा पन भाजून टाकला. वारा बेस होता. असा धडधडला रं, जन्मात असा राब नाय बगला!" सखुबाई पाणी भरायला चाललेली, ती थांबून बोलली, चंद्रभागेचा कान्हा सुधारला. परशुरामने पाठीवर थाप मारली.
गावाने माझं नाव चांगल्यासाठी पहिल्यांदा घेतलं. मी "हो" बोललो.

१ मे
धाकूमामांकडे पेंढा आहे. पण मागितला तर विचारतील, तुमचा कुठे गेला. म्हणून मागितला नाही. गोठ्यात थोड्या पेंढ्या उरल्यात. अर्धी अर्धी देतो. जनावराला सवय लागते.

१३ मे
कल्याणच्या मार्केटात कोबीचा पाला फुकट पडलेला असतो. मोठी गोणी भरली. येताना रस्त्यावर एक माणूस सापाचं आणि मुंगसाचं भांडण लावून देणार होता. उभा राहिलो. त्याने शेवटपर्यंत लावून दिलं नाही, दंतमंजन विकलं. वळलो तर गोणी नव्हती. दंतमंजन आहे.
पवळी मला दारात बघून हंबरली.

१७ मे
पवळी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद खाते. बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. पाऊस यंदा लवकर आहे असं चहावाला बोलला. उद्या धाकूमामांशी बोलायचं, नक्की.

२२ मे
पवळी बसली ती उठत नाही. चौघांनी पोटाखाली बांबू घालून उभी केली, परत बसली. धाकूमामांनी बरगड्यांवरून हात फिरवला. "पेंढा नाय का घातलास?" बोललो, घालतो, उन्हाने खात नाही. ते गेले आणि आपल्यातला काखभर घेऊन आले. पवळीने तोंडात धरला. चावला नाही, तसाच धरून राहिली.

२५ मे
पवळी गेली. पोटातलं पण.

२६ मे
आत्याला निरोप पाठवायचा होता. पोस्टकार्ड आणलं. बाळंतिणीच्या घरात असं कळवू नये असं सखुबाई बोलली. बरोबर आहे तिचं.

७ जून
आत्या आली. बाळाची वाटी आणि झबलं दाखवायला आणलेलं, ते पिशवीतच राहिलं. मी सांगितलं, रोग होता, साथ आहे. रिकाम्या खुंट्याजवळ उभी राहिली, मग शेतावर गेली. धाकूमामा मागून सांगत होते, "पोरानं राब येकदम नामी लावलेला गं, बग तरी." ती राखेत बसली. डाव्या हाताने कडेची माती सारली. खालून एक गाठ निघाली, पेंढीची, करपलेली. उलटी.
बराच वेळ हातात फिरवत होती. मग बोलली, "भाताचं बी आन, कान्ह्या." धाकूमामांना चहापण विचारला.

८ जून
पाचला उठलो. आत्या त्याआधीच शेळ्या घेऊन टेकडीवर गेलेली. मला हाक मारली नाही. शेळ्या तिन्ही ठीक आहेत. त्यांची स्कीम मी केलीच नव्हती.
आत्याने मांडवाच्या खांबाला ती गाठ लावून ठेवलीय. घरात कोणी नव्हतं म्हणून सोडवून बघितली. जळलेली आहे, तरी सुटली नाही.