सगळे ग्रह सरळ चालले आणि पंचाईत झाली

तीर्थस्वरूप ताईंना,

तुमच्या एकुलत्या एका मेव्हण्याचा (एकुलता आहे म्हणून लाडका धरायला हरकत नसावी) वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरतानाच कुरकुरतो, की आता चढतानाही? आमचे साडूभाऊ अजून रोज सकाळी अख्खं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात का? त्यांनाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा आणि त्यांचा आवाज यांतलं निदान एक तरी लवकर कमी होवो, ही सदिच्छा.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे मला वेळेवर जेवायला मिळतं, गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते आणि तुमची बहीण माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हा माणूस पत्र काय लिहीत बसलाय! ताई, आमच्या घरात फोन उचलते ती, तुमचे निरोप वाचते ती, आणि मी दार लावून बोललो तरी ऐकू जातं तिलाच. चालत्या गाडीत लोकांना शिकवून शिकवून माझा आवाज असा झालाय की मी हळू बोललो तरी शेजारचे लोक दचकून ब्रेक शोधतात. म्हणून हे पत्र.

मुद्द्यावर येतो. (हा कधी मुद्द्यावर येत नाही, असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात. ओळखलं.) तुमच्या बहिणीला लायसन्स हवंय आणि ते लवकर हवंय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पण ते तिला किती हवंय हे ती तुम्हाला सांगायची नाही. इतकी वर्षं हॉस्पिटलात रात्रपाळ्या काढल्यावर आता तिला घरोघरी जाऊन आजारी माणसं बघायचं काम मिळू घातलंय. दिवसाचं काम, उजेडातलं. मेट्रनबाईंनी जागा तिच्यासाठी अडवून धरलीय, अट एकच, गाडी स्वतःला चालवता आली पाहिजे. वॉर्डात सगळी म्हातारी माणसं सारखी दिसतात, घरी गेलं की ज्याची त्याची खुर्ची, ज्याचा त्याचा रेडिओ, ज्याची त्याची कटकट, आणि मग औषध कुणाला देतोय ते कळतं, असं ती म्हणते. हे बोलताना तिचा चेहरा असा काही होतो की मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटतं. आणि मी कोण? तर ड्रायव्हिंग स्कूलवाला! अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. एका गृहस्थांना डावं-उजवं कळत नव्हतं, त्यांच्या मनगटांवर मी पेननं बाण काढून दिले होते. ते आज शाळेची बस चालवतात. अशा माणसाच्या बायकोला लायसन्स मिळू नये? (गाडी चालवताना चुकली की ती तुमची बहीण, जमलं की माझी विद्यार्थिनी, ही वाटणी आमच्याकडे जुनीच आहे. गैरसमज नसावा.)

पहिल्या परीक्षेच्या सकाळी तुमचा निरोप आला. बुध वक्री झालाय, म्हणजे आकाशात उलटा चालतोय, तेव्हा वाहनं, यंत्रं आणि सह्या यांना जपा, नवं काही सुरू करू नका, जुनंच पुन्हा तपासा, दोनदा विचार करा. ती परीक्षेला बसली. सगळं झकास झालं. शेवटी गाडी उलटी घेऊन दोन रंगवलेल्या खुंटांच्या मधे उभी करायची होती. तिथे तिनं तुमचा सल्ला पाळला. थांबली, पुन्हा तपासलं, दोनदा विचार केला आणि डावा खुंट आडवा केला. गाडीच्या टपावर माझ्या स्कूलचा बोर्ड, बोर्डावर माझा नंबर. परीक्षकांनी आधी खुंटाकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग मी बसलो होतो त्या बाकाकडे. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. (पायांत चपला होत्या.)

मला वाटलं, घरी जाताना ही रडणार. कसलं काय! बाई गुणगुणत होत्या. बुधच उलटा, त्याला मी काय करू, असं म्हणून तिनं वाटेत बेकरीतून केक घेतला. नापास झाल्याचा केक खाणारी विद्यार्थिनी मी पहिल्यांदाच पाहिली. आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आली ती चहासुद्धा न घेता गाडीची किल्ली हातात घेऊन माझ्या पुढ्यात उभी, चला म्हणून. मी अजून दात घासत होतो.

दुसऱ्या वेळी बुध सरळ झाला होता (तुमच्या भाषेत मार्गी), पण तुम्ही लगोलग कळवलंत की शनी वक्री आहे, कामं रखडतील, संयम ठेवा. संयम हा शब्द तिनं फारच मनावर घेतला. चौकात गाडी थांबवली. उजवीकडच्यांना जाऊ दिलं, डावीकडच्यांना जाऊ दिलं, बाबागाडी ढकलत एक बाई आल्या त्यांना जाऊ दिलं, त्या बाई काहीतरी विसरल्या म्हणून परत फिरल्या तर त्यांना पुन्हा जाऊ दिलं. शेवटी परीक्षकच म्हणाले, बाई, आता फक्त आपण दोघं उरलोय. हे सगळं मला तिनंच सांगितलं, तेही खिदळत. नापास! पुन्हा केक, या वेळी शनीच्या नावानं, अक्रोड घातलेला.

इथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, आधी हिच्या डोक्यातले ग्रह खाली उतरवायचे, गाडीचं नंतर बघू. वाचनालयातून आकाशाचं एक पुस्तक आणलं (मुलांच्या कपाटातलं, त्यात चित्रं मोठी होती) आणि वक्री म्हणजे काय ते नीट समजून घेतलं. तुम्हाला हे सगळं ठाऊक असणार, तरी सांगतो, कारण एखादी गोष्ट समजली की ती कुणाला तरी समजावल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. रविवारी तिला हायवेवर नेलं. गाडी मी चालवत होतो. पुढे विटांचा एक ट्रक चालला होता. त्याला ओव्हरटेक करताना तिला म्हटलं, ट्रककडे बघ आणि त्याच्या पलीकडे टेकडीवरच्या झाडांकडे बघ. झाडांच्या मानानं ट्रक मागे मागे सरकताना दिसतो की नाही? दिसत होता. मग तो खरंच मागे गेला का? नाही. ट्रकवाला आपला मजेत गाणं म्हणत पुढेच चालला होता, आपण वक्री झालोय याचा त्याला पत्ताही नव्हता. शनीचंही तसंच. आपली पृथ्वी त्याला आतल्या लेनमधून मागे टाकते, आणि आपण म्हणतो शनी उलटा फिरला. बुध तर आपल्याही आतल्या लेनमधून सुसाट जातो, तो आपल्याला मागे टाकतो तेव्हा तसाच भास होतो. कुणी मागे जात नाही. आकाशात रिव्हर्स गिअरच नाही! (हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. मी ते दोनदा म्हटलं.)

ती म्हणाली, म्हणजे शनी बिचारा सरळच चालला होता, आणि मी माझं बिल त्याच्या नावावर फाडलं. मला वाटलं, जिंकलो. त्या आनंदात मी आणखी एक ट्रक ओव्हरटेक करून दाखवला.

ताई, तिथेच माती खाल्ली. त्या दिवसापासून तिचा हात बसेना. क्लच सोडताना गाडी उड्या मारते, सरळ मोकळ्या रस्त्यावर बंद पडते, आणि उलटी घे म्हटलं की ती आरशात बघत नुसती बसून राहते. त्यातच परवा तुमचा निरोप आला, फुलांच्या चित्रासकट. अभिनंदन, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, सगळे मार्गी, आता काही अडायचं नाही! तिनं तो वाचला आणि युनिफॉर्मवरच खुर्चीत बसली. चेहरा एवढासा झालेला. मी विचारलं, कुठला ग्रह बिघडला? तर म्हणाली, "आता कुणीच उलटं नाही. आता नापास झाले तर मीच नापास."

ताई, मला वाटत होतं ती ग्रहांना घाबरते. ती कुठली घाबरतेय! नापास व्हायची लाज ती बुधाकडे, शनीकडे ठेवायला द्यायची आणि मोकळ्या हातांनी पुन्हा किल्ली उचलायची. मी मोठा शहाणा, चित्रांचं पुस्तक वाचून तिचं ते ठेवायचं ठिकाणच काढून घेतलं. आता ती म्हणते, जागा वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरला देऊन टाका असं मेट्रनबाईंना सांगते, तिच्याकडे लायसन्स आहे. तिसरी परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे. मेट्रनबाई तोवरच थांबणार आहेत. केकचं नावसुद्धा घरात निघत नाही.

असो. माझं काही मागणं नाही. मन मोकळं करायला तुमच्याशिवाय आहे कोण? गुडघ्याला शेक द्या, साडूभाऊंना माझी आठवण सांगा, आणि पत्र वाचून झालं की त्यांच्या हाताला लागू देऊ नका. ते मोठ्यानं वाचतील.

तुमचा,
जन्मभर गाडीत बाजूला बसलेला मेव्हणा

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. कृपा करून गुरुवारपर्यंत एक ग्रह वक्री करा. कुठलाही चालेल, लहान असला तरी चालेल. तुम्ही आमच्या लग्नात दिलेलं ज्योतिषाचं पुस्तक मी आज काढून वाचलं. (ते जपून ठेवलं होतं. टेबलाच्या पायाखाली होतं, पण जपून.) त्यात लिहिलंय की राहू आणि केतू कायमच वक्री असतात. हे तुम्ही कधी बोलला नाहीत! रोजचंच आहे म्हणून तुम्ही ते निरोपात घेत नसणार, पण या वेळी घ्या. 'राहू वक्री आहे, वाहन जपून', बस. बाकी तिचं ती बघेल. हायवेवर मी जे काही बरळलो ते मी मागे घेतो, आणि माझं नाव यात येऊ देऊ नका. टेबल सध्या डुगडुगतंय, पण त्याची काळजी नसावी.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करण्याआधीच माझा धीर सुटला. सकाळी चहा पिताना मी सहज म्हणून बोलून गेलो की, काय गं, राहू हल्ली वक्री आहे म्हणतात. तिनं माझ्याकडे पाहिलं, डुगडुगणाऱ्या टेबलाकडे पाहिलं, आणि अशी हसली की चहा नाकात गेला. राहू-केतू कायम उलटे असतात हे तिला परकरी वयापासून ठाऊक आहे म्हणे, तुम्हीच गच्चीवर झोपून शिकवलं होतं. मी मान खाली घालून बिस्किट बुडवत राहिलो. मग कप विसळता विसळता ती आपल्याशीच म्हणाली, "ते दोघं जन्मभर उलटेच चालतात, तरी सगळं आकाश फिरून येतात. मला तर दोन खुंटांच्या मधे तेवढं उलटं जायचंय." हात पुसले आणि किल्ली घेतली. दारात थांबून मला बजावलं की या वेळी नापास झाले तर मीच नापास, ग्रहांचं नाव काढायचं नाही, पण केक आणायचा म्हणजे आणायचा. तेव्हा ताई, ग्रहाचं राहू द्या. आहेत तसे सरळ असू देत.

शेवटचा ता. क. आज गुरुवार, पाकीट अजून माझ्या खिशातच आहे. परीक्षेच्या मैदानाबाहेरच्या बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नये. दोन्ही खुंट उभे आहेत. परीक्षक उतरले, त्यांनी तिच्याशी हात मिळवला, आणि ती तिथूनच मेट्रनबाईंना फोन लावतेय. इथवर तिचा आवाज ऐकू येतोय. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आलेत, ते कागदावर दिसत असेल. आता खरं मागणं. येत्या रविवारी ती तुमच्याकडे येतेय, स्वतः गाडी चालवत. मला मागच्या सीटवर बसायचा हुकूम आहे, पुढे बसलो की मी न विचारता शिकवतो म्हणे. तर फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी ठेवा आणि कुंड्या आत घ्या. ती गाडी उलटी आत आणणार आहे.