गाडी कोणाच्या नावावर

बाणकोट, दि. ५ जानेवारी २०२५

चि. अदनान यास दादीचा सलाम आणि दुवा.

इकडे सगळे ठीक. फोनवर बोलायचं नाही म्हणून लिहिते. तुझ्या खोलीतली पोरं कान लावून बसतात. तुझी बहीण इफरा या चिठ्ठीचा फोटो काढून धाडील, आणि तूही लिहूनच उत्तर धाड.

शेठनं नवी गाडी तुझ्या नावावर केली म्हणून तुझ्या आईनं मोहल्लाभर मलिदा वाटला. तू पाठवलेला फोटो मीही पाहिला. गाडी पांढरीफेक, तू बाहेर उन्हात उभा, आणि स्टेअरिंगवर कोण ते मिसरूड फुटलेलं पोर? गाडी तुझी तर चावी त्याच्याकडे का? सरळ उत्तर दे, गोलगोल नको.

भाकरीऐवजी नुसता तिथला खबूस-पाव चावून पोट बिघडवू नकोस. आमच्यावर माया असली तर कळव.

तुझी दादी


अल खर्ज, सौदी, दि. ९ जानेवारी

ती. दादीस अदनानचा सलाम, वि. वि.

तुझे डोळे म्हणजे कमाल! तो कफीलचा, म्हणजे आमच्या शेठचा मुलगा, रय्यान. गाडी माझ्या मालकीची नाही गं. सरकारी ॲपवर ‘ही गाडी हा चालवतो’ एवढंच माझं नाव आहे. गोठ्याकडे सामान मी नेतो, पण संध्याकाळी तो फिरायला नेतो. कफील म्हणाले, घरातलाच समज.

गेल्या आठवड्यात त्यानं सिग्नल तोडला. कॅमेऱ्यानं टिपलं. दंड कफीलनी भरला, पण बारा गुण माझ्या नावावर चढले. वर्षात चोवीस झाले की लायसन तीन महिने बंद. पुन्हा झालं तर सहा महिने, मग वर्षभर, मग कायमचंच. हरकत घेता येते, पण घेतली तर कफील घरी धाडतील. तू काळजी करू नकोस, आईला बोलू नकोस. दुवेत ठेव.

तुझा अदनान


बाणकोट, दि. १० जानेवारी

चि. अदनान यास सलाम आणि दुवा.

शाळेत कधी पस्तिसाच्या वर गेला नाहीस, तिथं गाडीत न बसता बारा मिळवलेस. शाबास.

तुझा दादा, माझा घरवाला, तांडेल होता. होडी शेठची, पण खडकावर गेली की नाव तांडेलाचं. म्हणून तो दुसऱ्याला सुकाणूला हात लावू देत नसे, शेठच्या भावालाही नाही. तू सुकाणू देऊन किनाऱ्यावर उभा राहिलास, वर फोटो काढलास.

आज त्यानं दिवा तोडलाय. उद्या माणूस तोडील, तेव्हा कोणाला धरतील? लायसन जायचं तर जाऊ दे. पण त्या गाडीवरून नाव काढ. गाईचं शेण काढून कोणी मरत नाही.

ऐकलंस तर माझा, नाहीतर तुझ्या शेठचा.

दादी


अल खर्ज, दि. ४ फेब्रुवारी

ती. दादीस सलाम, वि. वि.

नाव काढा म्हणायला माझा धीर होईना. तेवढ्यात त्यानं दुसरा सिग्नल तोडला. लायसन तीन महिने बंद, त्यामुळे गाडीवरचं नावही आपोआप गेलं. मी आता गोठ्यात आहे.

पण गाडीवर आता शौकतचं नाव लागलंय. आपल्या जुबेदाचाचीचा शौकत, परवाच आलाय. मी समजावलं तर म्हणतो, जळतोस. गाडीला टेकून त्यानंही फोटो काढलाय. तू चाचीशी बोल. सांभाळून बोल.

तुझा अदनान


बाणकोट, दि. ७ फेब्रुवारी

चि. अदनान यास दुवा.

बोलले. जुबेदा म्हणाली, नातवाचं लायसन गेलं म्हणून म्हातारीचं पोट दुखतंय. मीही तिला चार शब्द ऐकवले, ते इथं लिहीत नाही, इफरा वाचते. संध्याकाळी तिनं ताटलीभर खीर धाडली. शौकतच्या गाडीची. मला डिवचायला, दुसरं काय! खीर चांगली होती. ताटली अजून इथंच आहे.

तू शौकतच्या आसपास राहा. तब्येत आणि तोंड दोन्ही सांभाळ.

दादी


अल खर्ज, दि. १३ एप्रिल

ती. दादीस सलाम.

काल संध्याकाळी रय्याननं गोठ्याच्या रस्त्यावर एका बंगाली मजुराला उडवलं. माणूस जागीच गेला. रय्यान पळत घरी आला, आणि कफीलनी पोलिसांना शौकतचं नाव दिलं. गाडीवर तेच आहे. तेव्हा शौकत माझ्यासोबत दुधाचे कॅन धूत होता. दुसरं कोणी नव्हतं. त्याला घेऊन गेले. तो माझ्याकडे बघत होता.

कफील म्हणाले, तुझं लायसन पुढच्या महिन्यात सुटेल, गाडी परत तुझीच. गप्प राहा. माझा इकामा, इथं राहायचा परवाना, तोही त्यांच्याच हातात आहे. काय करू?

अदनान


बाणकोट, दि. १३ एप्रिल

अदनान,

विचारतोस काय? फोटोत तू बाहेर उभा होतास, शौकतही बाहेरच उभा होता. फरक एवढाच की तुझं लायसन वेळेवर गेलं.

इफरानं खाली तिथल्या आपल्या भारतीय वकिलातीचा नंबर लिहिलाय. आधी तिथं फोन कर, मग चौकीत जा. नोकरी गेली तर ये, इथं शेण आहे.

जुबेदाला मी अजून सांगितलेलं नाही. तिची ताटली समोर आहे. आपल्यात ताटली रिकामी परत करत नाहीत. तिच्यात काय घालू ते तू कळव.

दादी


अल खर्ज, दि. १४ एप्रिल

ती. दादीस सलाम.

ताटलीत साखर घाल. वकिलातीला कळवलं, चौकीत सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, अंगठाही घेतला. शौकतला अजून सोडलेलं नाही.

बाहेर आलो तर समोर कफीलची मोठी गाडी उभी होती. काळ्या काचा, आत कोण ते दिसलं नाही. मी पायी निघालोय. लिहायला एका दुकानाच्या सावलीत थांबलो, तर तीही थांबलीय. मागे, इंजिन चालू ठेवून.

लायसन नसल्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटतंय. दुवा कर.

तुझा अदनान